उघडा हेडफोन

तिसराही ॲम्प्लिफायर सरांनी नापास केला.

"तोंडावर पांघरूण घेऊन गातेय रे ही बाई," ते म्हणाले आणि त्यांनी हेडफोन काढून दुकानदाराच्या हातात दिला. "दुसरा लाव."

दुकानदाराने मान डोलावली. सरांपुढे तो दुकानदार नव्हताच. तरुणपणी रेडिओ केंद्रावर त्यांच्या हाताखाली तो ध्वनिमुद्रण शिकला होता. तिथे सरांना सगळे मागून 'कानसेन' म्हणत. शेजारच्या खोलीतला पंखा कुरकुरतोय म्हणून त्यांनी एकदा ऐन रंगात आलेलं गाणं थांबवलं होतं. पंखा बंद केल्यावर, तो कुरकुरत होता हे बाकीच्यांना कळलं.

आज मात्र काहीतरी बिनसलं होतं. सरांच्या घरी नातवंडांचा गलका असतो, म्हणून दुकानदाराने आधी बंद पाठीचा हेडफोन पुढे केला होता. सरांनी तो हातातही घेतला नाही. त्यांना उघडाच हवा होता. त्याच्या पाठीला नुसती जाळी असते. बाहेरचं आत येतं आणि आतलं बाहेर जातं. शिवाय हा हेडफोन मोठा खादाड. ताकदीचा ॲम्प्लिफायर जोडला नाही तर मरगळल्यासारखा वाजतो. म्हणून ही सगळी निवड चालली होती. गाणं आधी फोनवरून लावून झालं, मग संगणकावरून, शेवटी सीडीवरून. सीडी सरांनीच मुद्रित केलेल्या गाण्यांची होती. तरी त्यांचं आपलं एकच, वरचे सूर कुठे गेले?

सोमवारपासून सरांना कामावर जायचं होतं. एका संगीतसंस्थेकडे जुन्या, झिजलेल्या टेपा होत्या. त्या ऐकून साफ करायच्या. दुकानदारानेच त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. बायको गेल्यापासून सर घराबाहेर पडत नव्हते. हे काम ठरलं आणि ते पुन्हा रोज दाढी करायला लागले, असं त्यांची मुलगी सांगत होती. ती आत्ता समोरच बसली होती. मी बाहेर थांबते, असं ती म्हणाली होती, पण सरांनी स्वतः खुर्ची ओढून तिला जवळ बसवलं होतं.

चौथा ॲम्प्लिफायर दुकानातला सगळ्यांत दांडगा होता. सरांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि आवाजाचं बटण फिरवलं. कुणी ऐकत असताना बाकीच्यांनी बोलायचं नाही, असा या दुकानाचा रिवाज होता. सगळे गप्प झाले.

दुकानदाराला खटकलं ते बटण. जोरात वाजलेलं नेहमीच चांगलं वाटतं, म्हणून तुलना करताना सगळ्यांचा आवाज सारखा ठेवायचा, हा धडा सरांचाच. त्याने दर वेळी तसा तो ठेवूनही दिला होता. आणि दर वेळी सरांनी तो वाढवला होता. आता तर त्यांचा हात बटणावरून निघेना. जाळीतून गाणं बाहेर सांडू लागलं. चिरकं, पत्र्यासारखं, पण शब्द न् शब्द कळावा असं. दाराशी उभ्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं. मुलगी मान खाली घालून पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. घरचा ॲम्प्लिफायर जुना झालाय, बाबांना नवा दाखवा, असं सांगायला तिने फोन केला होता. तेव्हा ती उगाचच मोठ्याने बोलत होती, हे दुकानदाराला आता आठवलं. तिला यातलं काहीच नवीन नव्हतं.

दुकानदार मनात हिशेब करू लागला. सर कामावर गेले तर वरचे सूर शोधता शोधता एकेक टेप किंचाळायला लावतील, आणि कानसेनांचं चारचौघांत हसं होईल. खरं सांगावं, तर ते आज घरी जातील ते कायमचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बटण तसंच होतं, जाळीतून गाणं दुकानभर ऐकू येत होतं. गाणारी बाई वरच्या षड्जावर पोचली होती आणि तिथून हलायला तयार नव्हती.

"हाही बंद पडला का रे?" सरांनी विचारलं.

मुलीने तोंडावर हात धरला. दुकानदार वाकला, त्याने ॲम्प्लिफायरच्या मागे हात घातला आणि वायर उपटली. दुकान एकदम शांत झालं.

"हो सर," तो म्हणाला. "मालच खराब आलाय."

मग तो भराभर बोलत सुटला. नवा माल येईपर्यंत सोमवारचं पुढे ढकलू, संस्थेची माणसं ओळखीची आहेत, घाई कुणालाच नाही. सरांनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग ते हसले, नुसत्या ओठांनी.

"तू वायर काढलीस तेव्हा ॲम्प्लिफायरचा दिवा विझला," ते म्हणाले. "तोवर लागलेला होता. डोळे शाबूत आहेत माझे."

दुकानदाराच्या हातात वायर तशीच राहिली. संस्थेला दुसरा माणूस बघायला सांग, असं सर त्याला म्हणाले, अगदी साध्या आवाजात. मुलगी म्हणायला लागली की बाबा, तसं काही नाही. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. घरात सगळे तसं काही नाही असंच म्हणत होते आणि ॲम्प्लिफायरला नावं ठेवत होते. डॉक्टर म्हणाला होता, वयाच्या मानाने कान उत्तम.

"बंद हेडफोनात माझं माझ्यापाशीच राहिलं असतं," सर म्हणाले. "मला काय ऐकू येत नाही, ते कुणाच्या तरी तोंडावर दिसायला हवं होतं."