बदली

हॉलिवूडच्या त्या गाण्यांच्या सिनेमात नायक मोलकरणीलाच मालकीण समजून प्रेमात पडतो. व्हर्नाचं काम एवढंच, की नायिकेसारखाच निळा झगा घालून, चित्रीकरणाआधी दिवे जुळवून होईपर्यंत तिच्या जागी उभं राहायचं. आज शेजारीण व्हर्नाच्या दीड वर्षाच्या लेकीला, पेगला, स्टुडिओतच सोडून गेली. “दात येताहेत हिला. माझ्याच्यानं नाही सांभाळवत बाई!”

ऐन गाण्यात पेग दुडुदुडु धावली नि निळा झगा बघून नायिकेलाच बिलगली. तिनं उचलून घेताच खांद्यावर मान टाकून झोपलीसुद्धा.

“झालं, बोंबललं गाणं! हिची आई कुठे मेली?” दिग्दर्शक ओरडला.

पेगपायी तीन रात्री जागलेली व्हर्ना खुर्चीत टेकली.

“येईल हो,” डोळे मिटत ती म्हणाली, “दहा मिनिटांत.”