रविवारी रात्री घरात असलेली माणसं

"हे शेवटचं नाव खोडावं लागेल, बाई," हर्बर्ट टिल्नी म्हणाला आणि त्याने लाल शाईची बाटली काढली. सोमवारची सकाळ होती. जनगणनेचे तक्ते गोळा करत लंडनजवळच्या वॉल्थमस्टोमधल्या त्याच्या वाट्याच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या होत्या आणि हे त्याचं पहिलंच घर. तरी टाकाच्या टोकावर लाल शाई वाळलेली होती.

तक्त्यात शेवटी लिहिलं होतं : आयव्ही पर्किस, अकरा महिने.

टिल्नी एरवी आरोग्य कचेरीत कारकून. गावातले मृत्यू वहीत उतरवायचं काम त्याचंच. यंदा गोवराने गल्लीच्या गल्ली झोडपून काढली होती. शुक्रवारी रात्री गेलेल्या आयव्हीला शनिवारी तिच्या आईसमोर त्यानेच वहीत घेतलं होतं. त्याचं अक्षर फार सुंदर, असं साहेब नेहमी म्हणत.

"का खोडायचं?" आयव्हीच्या आईने, एलन पर्किसने विचारलं. "रविवारी रात्री घरात कोण कोण होतं, असंच विचारलंय ना? ती घरातच होती. पुढच्या खोलीत. उद्या नेणार आहोत तिला."

"पुढची ओळ वाचा. मध्यरात्री जिवंत असलेली माणसं. गेलेल्या मुलांसाठी हा वेगळा चौकोन आहे."

"तिथे नुसता आकडा मावतो. लिहिलाय मी. दोन." तिचा आवाज चढला. "दहा वर्षांनी एकदा मोजता तुम्ही, मिस्टर टिल्नी. माझी पोर दोन दिवसांनी हुकली. मेलेल्यांच्या वहीत घ्यायला मात्र तुम्हाला एक दिवससुद्धा लागला नाही!"

नियम म्हणजे नियम, असं काहीतरी तो पुटपुटला. सरकारी माणसाला दुसरं येतं काय!

"मग खोडा," ती म्हणाली आणि तिने पुढच्या खोलीचं दार उघडलं. "पण आत या. तिच्यासमोर खोडा."

पडदे ओढलेले होते. टेबलावर शवपेटी होती, शिवणाच्या मशीनच्या खोक्याएवढी. टिल्नी टाक धरून आत आला. त्याला लाज वाटली. मग त्याने बाटलीला बूच लावलं, डोक्यावर तशीच राहिलेली टोपी काढली आणि तक्ता न खोडता पिशवीत घातला.

बाकीची घरं टाकून तो सरळ आपल्या घरी गेला. त्याची बायको मेबल चुलीपाशी पाठमोरी उभी होती. सकाळपासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्याने खिशातून स्वतःच्या घराचा तक्ता काढला आणि तिच्यासमोर पसरला.

"हे पुन्हा लिही," तो म्हणाला.

सकाळी त्याने ओढलेल्या लाल रेघेखाली मेबलचं अक्षर अजून वाचता येत होतं : विनी टिल्नी, पाच वर्षं.

गेल्या वर्षी घटसर्पाने गेली तेव्हा विनी चारच वर्षांची होती.