बेसिनखालचा पेपर

"हात थरथरतात म्हणून काय झालं? जन्मभर लोकांचे नळ जोडलेत मी!" असं ठणकावून बाबांनी घरातलं नवं बेसिन स्वतःच बसवलं, आणि तेव्हापासून त्याच्या खालचा पाइप गळतच होता. रात्री पुन्हा एकदा नट आवळून त्यांनी नेहमीसारखा खाली पेपर अंथरला. "माणूस खोटं बोलेल, पेपर नाही बोलणार."

सकाळी पेपरचा पार लगदा झाला होता. बाबा उठायच्या आत लेकीने तो गुपचूप बदलला आणि हाक मारली, "बाबा, थेंबसुद्धा नाही!"

बाबांनी पेपरवरून बोट फिरवलं आणि ते खुदकन हसले. मग चष्मा लावून तारीख वाचली.

"बाळा, हा तर आजचा पेपर." त्यांनी पान्यांची पिशवी तिच्या हातात दिली. "जा, एखादा चांगला प्लंबर बोलाव."