वाचकाकडे

"नाव टाइप केलं की शहरातल्या चारही मराठी वाचनालयांत एकदम शोध लागेल," निशिगंधा म्हणाली. "पण आहे तेवढंच दिसेल, सत्यवतीबाई. जास्त अपेक्षा ठेवू नका."

निशिगंधा पुण्याची. हायटेक सिटीतली नोकरी सांभाळून रविवारी वाचनालयांच्या याद्या संगणकावर जोडायचं हे काम करत होती. सत्यवतीबाई सुलतान बाजारच्या या वाचनालयाच्या अध्यक्ष. संगणकासाठी समितीला त्यांनीच राजी केलं होतं. कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरुणपणी त्यांचा एकच कवितासंग्रह निघाला होता. इथल्या कपाटात तो त्यांना कधीच दिसत नसे. "वाचकाकडे गेलाय," काउंटरवरून उत्तर येई. इतर ठिकाणीही कुणी तो वाचतं का, एवढंच त्यांना एकदा बघायचं होतं.

विरोध फक्त त्यांच्या नवऱ्याचा.

"नक्को ते मशीन," हिम्मतराव म्हणत. दर पंधरवड्याला ते कापडी पिशवी घेऊन बसने शहरभर हिंडत. भाजीला जातो म्हणत. भाजी बेताचीच आणत.

"कविता म्हटली की यांना झोप येते," बाई म्हणाल्या.

"तू वाचायला लागलीस की येते."

बाई हसल्या. हिम्मतरावांनी निशिगंधाला हळूच विचारलं, "पुस्तक कुणी नेलं, त्याचं नाव दिसतं का यात?"

"नाही काका. आत आहे की वाचकाकडे, एवढंच."

ते खुर्चीत सैलावले.

दुपार कलली होती. पंख्याखाली उन्हातली धूळ इतकी सावकाश फिरत होती, की सगळी खोली पाण्याखाली असावी असं वाटे. मोडेम दूरच्या पाखरासारखा किणकिणला, गप्प झाला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं एकेक ओळ उमलू लागली.

सुलतान बाजार: वाचकाकडे.

नारायणगुडा: वाचकाकडे.

काचीगुडा: वाचकाकडे.

मग बराच वेळ काहीच नाही. मग,

सिकंदराबाद: वाचकाकडे.

"चारही?" बाईंनी विचारलं.

"चारही."

त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, ओळ पुसली जाऊ नये अशा बेताने. मग तोंड धुवायला त्या बाहेरच्या नळावर गेल्या.

हिम्मतरावांनी पिशवी टेबलावर ठेवली. कोथिंबिरीची जुडी बाजूला सारली. खाली तीन पातळ, निळी, एकसारखी पुस्तकं होती. त्यांचं लक्ष मात्र पडद्यावरच्या शेवटच्या ओळीकडे होतं.

"हे कुणी नेलं, बेटा?" त्यांनी निशिगंधाला विचारलं. "सिकंदराबादला तर माझं कार्डच नाही."