भोलूचा शेवटचा रविवार

“तिकीट खिडकीवर बसा म्हणायलोय, अक्का. डोक्यावर पंखा हाय, बसायला खुर्ची हाय. अजून काय पायजे?” श्रीमंत म्हणाला.

सुधारानी अस्वलाच्या सोंगाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ओल्या फडक्यानं त्याचं काळं प्लॅस्टिकचं नाक पुसत होती.

“मला हेच बरं हाय, सर.”

“हेच म्हंजे? हे ऱ्हाणारच न्हाई आता.”

हुमनाबाद रोडवरचं ‘रानमजा’ पार्क कलबुर्गीच्या ‘मौजमहाल’वाल्यांनी विकत घेतलं होतं. कैक वर्षं दोघांत चुरस चालली होती. इकडं एक घसरगुंडी आली की तिकडं दोन यायच्या. शेवटी तिकडच्यांनी अख्खं पार्कच घेतलं आणि पाळणे उतरवायला लावले. धडधाकट पाळणे कलबुर्गीला जायचे होते, बाकीचे भंगारात. माणसांचंही तसंच होतं, आणि ती निवड करायला श्रीमंतला पाठवलं होतं.

मौजमहालकडं स्वतःचा पोपट होता. हिरवागार, ढेरपोट्या. दारात नाचायला तो पुरे होता, म्हणून ‘रानमजा’च्या भोलू अस्वलाला रजा.

मग मला पोपट करा, असं कुणीही म्हटलं असतं. सुधारानी तसं म्हणाली नाही.

“एवढा रविवार भोलूला राहू द्या,” ती म्हणाली. “मग काय करायचं ते करा.”

श्रीमंतनं तिच्या गालाकडं बघितलं आणि नजर वळवली. डाव्या कानापासून गळ्यापर्यंत कातडी भाजून आक्रसली होती. खिडकीत बसलं की येणारा-जाणारा त्या गालाकडंच बघणार. अस्वलाच्या आत कोण बघतंय? पार्कातल्या सगळ्यांनीच हे मनोमन ओळखलं होतं आणि कुणी तोंडावर बोलत नव्हतं.

“पदर घेऊन बसलात तरी चालंल की,” तो हळू आवाजात म्हणाला.

सुधारानी अस्वलाचं नाक पुसत राहिली.

“बरं. रविवारी दुपारपर्यंत. मग डोस्कं, अंग, पंजे, सगळं जमा करायचं.”

रविवारी सकाळी झाडूवाल्या पार्वतीबाईनं तिच्या पाठीची चेन वर ओढली.

“बॅटरी कालच जमा करून घेतली ग त्यांनी. आज आतला पंखा न्हाई. उकडून मरशील.”

“मरू दे.”

“कामून एवढा जीव टाकायलीस ह्या चिंध्यांवर? आन् हा पंजा? अजून शिवला न्हाईस व्हय? सुई-दोरा घे म्हणून माझं तोंड दुखलं.”

उजव्या पंजाची शिवण अंगठ्यापाशी उसवली होती. एखादं बोट जाईल एवढीच.

“शिवते की.”

“आता कवा? जमा केल्यावर?”

सुधारानीनं डोकं चढवलं. आता बोलायचं नाही. जुने मालक अंकुशराव प्रत्येकाला बजावत, अस्वलाच्या आत कोण आहे हे लेकरांना कळता कामा नये. तिच्या आधी अस्वल झालेले कधी खोकत, कधी पाणी मागत. सुधारानीचा मात्र आतून कधी श्वासही ऐकू आला नव्हता.

आजूबाजूच्या गावांना रविवारी सकाळी ‘रानमजा’ फुकट असायचं. निर्णा, हळ्ळीखेडची माणसं टेम्पो भरून यायची. आज पाच-पंचवीस आली आणि उतरवलेल्या पाळण्यांचे सांगाडे बघून अर्धी परतली. मोठं चक्र जमिनीवर आडवं पडलं होतं.

भोलू फाटकातून हलला नाही. तोंडाच्या जाळीतून रस्त्याची एक पट्टी तेवढी दिसायची. पंखा चालू असला की कानाशी त्याची घरघर असायची आणि बाहेरचं काही कळायचं नाही. आज सगळं ऐकू येत होतं. बसचा ब्रेक, हातोड्याचे ठोके, पत्र्यावर पडणारे नटबोल्ट.

एक बस गेली. दुसरी थांबली आणि कुणालाच न उतरवता गेली. उन्हं चढली.

“कुणाची वाट बघायलीस ग?” पार्वतीबाईनं विचारलं.

अस्वलानं मान हलवली.

तिसऱ्या बसमधून हळ्ळीखेडची गंगव्वा उतरली. तिचं बोट धरून नात होती. भाग्या, सहा-सात वर्षांची, दोन वेण्या घातलेली.

“आलो बाबा एकदाचं,” गंगव्वा श्रीमंतला म्हणाली. “ह्या पोरीनं नाकात दम आणलाय. आई देवाघरी गेल्यापास्नं घरात तोंड उघडत न्हाई. आठवडाभर मुकी, आन् हिथं आली की त्या अस्वलाच्या कानात नुसतं गुलूगुलू.”

भोलूनं फाटकाचा खांब धरला. उकाडाच तसा होता.

“आजी, आज शेवटचं हं,” श्रीमंत म्हणाला. “उद्यापास्नं बंद.”

“आग्गं बाई! आन् हे अस्वल?”

“हे बी जाणार.”

भाग्यानं दोघांकडं बघितलं आणि आजीचं बोट सोडून पळत आली. भोलू गुडघ्यांवर बसला. पोरीनं नेहमीसारखं आपलं बोट पंजाच्या उसवलेल्या शिवणीत घातलं आणि आतलं बोट घट्ट धरून ठेवलं. दुसरा पंजा तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

“बास कर आता, त्या बिचाऱ्याला उकडत आसंल!” मागून गंगव्वा ओरडली.

पोरीनं ऐकलं नाही. मागं वळून आजी लांब आहे ना ते तेवढं बघितलं, टाचा उंचावल्या आणि भोलूच्या कापडी कानाला तोंड लावलं.

“आई,” ती म्हणाली, “आजीला अजूनबी कळलं न्हाई. पुढच्या रविवारी कुठं येऊ?”