दुसरा डोस

नर्सरीच्या फाटकातून आत शिरताना आंबटमावशीने पिशवी पोटाशी घट्ट धरली होती. पिशवीत रंग तपासायच्या थेंबांची बाटली आणि एक काचेची नळी, दोन्ही तिच्या स्वतःच्या. रखवालदाराने तिला अडवलं नाही, पण पूर्वीसारखं हसलाही नाही. दीड महिन्यात माणूस एवढा परका होतो, वा रे वा!

नर्सरीचं पाणी आंबट करायचं काम वीस वर्षं तिच्याकडे होतं, म्हणून हे नाव. इथल्या नळाचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. किटलीत उकळलं तर तळाला पांढरा थर धरायचा. अनंताच्या रोपांना ते जन्मात मानवलं नसतं. म्हणून मावशी टाकीत मापाने ॲसिड घालायची, ढवळायची आणि नळीभर पाण्यात तीन थेंब टाकून बघायची. निळं आलं तर पाणी वाईट, पिवळं आलं तर रोपांना घालण्याजोगं. त्याला सामू म्हणा, पीएच म्हणा, मावशीच्या लेखी रंग दोनच.

मग मालकांचे जावई आले आणि त्यांच्या पाठोपाठ मशीन आलं. जावई वाईट नव्हते, अगदी अहो-जाहो करायचे. वही घेऊन तिच्यापुढे बसले आणि म्हणाले, एकदा सगळं नीट सांगा, मशीन तसंच लावून घेऊ, म्हणजे तुम्हाला आराम. आराम म्हणजे काय ते न कळायला मावशी काही कुक्कुलं बाळ नव्हती. तिने माप सांगितलं, वेळ सांगितली, पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही, हेसुद्धा बजावलं. जावयांनी शब्द न् शब्द उतरवून घेतला. मशीन सुरू झालं आणि मावशी घरी बसली.

एकच गोष्ट तिने हातची राखली. हे पाणी मोठं लबाड. संध्याकाळी पिवळं दिसतं आणि सकाळपर्यंत चोरपावलांनी पुन्हा निळ्याकडे सरकतं. म्हणून सकाळी त्याला दुसरा डोस द्यावा लागतो, छोटासा, झाकणभर.

नाक दाबलं की तोंड उघडतं, असा तिचा होरा. रोपं फिकी पडतील, मग येतील धावत, म्हणतील, मावशी, चला. रोपं फिकी पडली. आलं मात्र कुणी नाही. परवा बाजारात जुनी सोबतीण भेटली आणि तिने सहज सांगितलं, अनंताची पानं कागदासारखी झालीत, नुसत्या शिरा तेवढ्या हिरव्या. त्या दिवशी मावशीला घास गिळवेना. ती सगळी कलमं तिच्या हातची होती. शिवाय कामाचीही ओढ होती, खोटं कशाला बोला. घरी बसून बसून ती सुनेच्या पायात येत होती. आधी रोपांचं बोलायचं, मग कामाचं, असं तिने वाटभर घोकलं होतं.

जावई पॅकिंगच्या टेबलापाशी उभे होते. त्यांनी लगेच खुर्ची मागवली, तब्येत विचारली. मावशी बसली नाही.

"साहेब, एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती," ती म्हणाली. "विसरले नव्हते. मुद्दाम सांगितली नाही."

आणि तिने दुसऱ्या डोसाचं सगळं सांगून टाकलं. किती, केव्हा, किती वेळ ढवळायचं, काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही. ते ओरडतील, हाकलून देतील, ही तयारी करूनच ती घरून निघाली होती.

"अच्छा, म्हणून होय," जावई म्हणाले. आदल्या दिवशीच्या कोड्याचं उत्तर पेपरात सापडावं, तेवढंच त्यांना त्याचं नवल. वही टेबलावरच होती, पेन खिशाला लावलेलं होतं. त्यांनी पेन काढलं नाही.

"आता त्याची गरज नाही, मावशी. पाणी सुधारत बसण्यापेक्षा आम्ही झाडंच बदलली. मशीनसुद्धा परत करून टाकलं."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. कामाचं जे घोकलं होतं ते तिच्या तोंडातच राहिलं. येते, म्हणून ती वळली आणि पाय आपसूक शेडच्या मागे गेले.

अनंताची रोपं तिथे पिशव्यांसकट आडवी टाकली होती, एकावर एक. तिने वाकून एक उचललं. पान बोटाला लागताच गळून पडलं. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. तिने तर नाकही स्वतःचं कापलं नव्हतं, या मुक्या जिवांचं कापलं होतं. तिने ते रोप होतं तिथेच ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

पुढच्या वाफ्यांत, जिथे अनंत असायचा तिथे, बोगनवेलीच्या कुंड्या लागल्या होत्या आणि सगळ्या फुललेल्या होत्या. कामाला लागलेली नवी बाई नळाला पाइप लावून थेट पाणी घालत होती. मावशी तिच्याजवळ थांबली. सवयीने पिशवीतून नळी काढली, पाइपखाली धरून भरून घेतली आणि त्यात तीन थेंब टाकले.

पाणी निळंशार झालं.

नवी बाई पाइप हातात धरून कौतुकाने बघत राहिली.

"काय घातलंत हो आजी त्यात?" ती म्हणाली. "रंग किती छान आलाय."