एकतीस अंशांची थंडी

वाफेच्या व्हॉल्व्हचं चाक क्रांतीच्या हातात आलं. म्हणजे तुटूनच आलं. तिने ते शालीखाली घेतलं आणि तळघरात काहीच घडलेलं नाही अशा चेहऱ्याने ती बॉयलरपुढे उभी राहिली. आपणही तसंच समजू.

"ते चाक आमच्या इमारतीचं होतं," मागून हेर क्रान्त्सफेल्डर म्हणाले.

"कुठलं चाक?" क्रांती म्हणाली.

हेर, म्हणजे श्रीयुत, क्रान्त्सफेल्डर पुढच्या इमारतीत राहायचे. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये जानेवारी चालू होता, अंगणात बर्फ होता, आणि हे गृहस्थ हाफ पँट-बनियनवर घाम पुसत होते. तो घाम बघून क्रांतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभरात तिच्या अंगात शिरलेली ती पहिलीच उष्णता.

दोन इमारती, एक बॉयलर. पूर्वी इथे साबणाचा कारखाना होता. साबण गेला, वाफ राहिली. ती दोन्हीकडे सारखी वाटली जावी अशी व्यवस्था होती. प्रत्यक्षात पुढचे लोक खिडक्या सताड उघड्या टाकून बसायचे, आणि मागच्या इमारतीत क्रांतीच्या सासूबाई, कांताबाई, स्वेटरवर स्वेटर, त्यावर मुलाचं, उज्ज्वलचं, जॅकेट आणि वर कानटोपी चढवून छोट्या हर्षाला मांडीवर घेऊन बसायच्या. नात सांभाळायला त्या नागपूरहून आल्या होत्या, म्हणजे सुनेला थीसिस पूर्ण करता येईल. थीसिसचा विषय होता उष्णतेचं वहन.

आज सकाळी त्या म्हणाल्या होत्या, "क्रांती, माझं तिकीट अलीकडचं करून टाक. इथे गोठून मेले तर तू मला थीसिसात घालशील."

सासूबाई गेल्या की थीसिस गेला. म्हणून क्रांती तळघरात उतरली होती.

"तुम्ही आमची वाफ चोरता!" ती ओरडली.

"चोरतो? फ्राऊ मेश्राम, मी शिजतोय! बायको बाल्कनीत झोपायचं म्हणतेय. आमच्या सगळ्या रेडिएटरचे कॉक बंद आहेत. तुमची इमारतच वाफ घेत नाही." त्यांनी बॉयलरवरच्या छोट्या पडद्यावर बोट आपटलं. "वाचा. मागची इमारत, एकतीस अंश. बॉयलरला वाटतं तुमच्याकडे उन्हाळा आहे. मग तो तुमची वाफ तोडतो आणि सगळी आमच्या अंगावर सोडतो. गेनाऊ! अगदी अस्संच!"

"कुठे मोजतो हा एकतीस?"

"दुसरा मजला, डावीकडे."

दुसरा मजला डावीकडे म्हणजे क्रांतीचंच घर.

"माझ्या घरात? माझ्या घरात तेल गोठतं, हेर क्रान्त्सफेल्डर! चला वर. आत्ताच्या आत्ता चला. तुमच्या डोळ्यांनी बघा एकतीस!"

कांताबाईंनी हर्षाला कडेवर घेऊन दार उघडलं. पाहुण्यांचे उघडे गुडघे बघून त्या हळहळल्या. "अगं, ह्यांची तर आपल्याहून वाईट दशा. अंगभर कपडे पण नाहीत. आणि तुझ्या शालीत काय आहे?"

"काही नाही, आई."

हेर क्रान्त्सफेल्डर आत आले आणि लगेच कुडकुडायला लागले. थंडीबद्दल वाद मिटला. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटाच्या वर, भिंतीला एक छोटा पांढरा डबा लावलेला होता. घर घेतल्यापासून सगळ्यांनी त्याला जुनी डोअरबेल मानलं होतं. डब्याच्या बरोबर खाली टेबललॅम्प जळत होता. लॅम्पखाली मफलरमध्ये गुंडाळलेलं स्टीलचं पातेलं. तिन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमची फॉइल, कणभर उष्णता वाया जाऊ नये म्हणून. रचना क्रांतीची. फॉइलचा कोन तिने गणित मांडून काढला होता. घर गार होतं, विरजण लागत नव्हतं. तिने दिवा लावला. घर आणखी गार झालं. तिने मोठा दिवा लावला.

"वास इस्ट दास?" हे काय आहे, असं हेर क्रान्त्सफेल्डरांनी विचारलं.

क्रांतीला उत्तर कळलं होतं: तो डबा डोअरबेल नव्हता, बॉयलरचा तापमापक होता. ती त्याच विषयात डॉक्टरेट करत होती.

"दही," कांताबाईच मराठीत म्हणाल्या. "सुनेने जमवलंय. बाहेर बर्फ, घरात बर्फ, पण दही असं लागतं की सुरीने कापावं!"

हेर क्रान्त्सफेल्डरांनी दोन्ही हात दिव्याखाली धरून शेकले. "आल्झो," म्हणजे 'असं होय', एवढंच म्हणून ते पँट घालायला घरी गेले.

क्रांतीने प्लग उपटला. थोड्या वेळाने पाइपात कोणी हातोडे मारल्यासारखे आवाज झाले, आणि रेडिएटर तापला. तिने सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. कांताबाईंनी पातेल्याकडे बोट दाखवलं.

"म्हणजे मी ह्या दह्यापायी कुडकुडले?"

"तुमच्यासाठीच तर लावत होते, आई. दही मिळालं तर राहाल म्हणून."

"मला कुठे आवडतं गं दही? उज्ज्वलला आवडतं. तू एवढी खटपट करतेस म्हणून गिळत होते रोज. गारढोण." त्यांनी कानटोपी काढली. "तिकीट राहू दे आता. जा, लिही तू."

क्रांती लॅपटॉप उघडून बसली. घर गरम होतं, सासूबाई राहत होत्या, आणि ज्याच्यावर ओरडावं असा माणूस दोन्ही इमारतींत एकही उरला नव्हता. तिने थीसिस बाजूला सारला आणि इमारतींचा कारभार बघणाऱ्या ऑफिसला मेल लिहिली:

"विषय: वाफेचे असमान वाटप. महोदय, सदर बिघाड दूर झाला आहे. अर्जदाराचा संताप मात्र पूर्णपणे शिल्लक असून तो ठेवण्यास मागील इमारतीत जागा नाही. सबब, पुढील इमारतीतील कोणत्याही एका रहिवाशास आपल्या सोयीने दोषी ठरवून तसे आजच्या आज कळवावे, ही विनंती."